आईसोबत पॉम्पेई : तेरच्या बाईचा शोध

रविवार

नेपल्सला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. त्या दिवसाचं सांगण्यासारखं एवढंच की, मुक्कामाच्या गच्चीवरून व्हेसुव्हियस हा ज्वालामुखी दिसला. उंची 1,281 मीटर, शेवटचा उद्रेक 1944 मध्ये. आईने पदर कपाळापर्यंत ओढून नीट पाहिलं आणि म्हणाली, "हाच का तो? आपल्या बालाघाटाच्या डोंगरासारखाच तर दिसतोय की."

आईला इथे का आणलं, ते आधी सांगते. तिचं माहेर धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीचं. जवळच तेर. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. लहानपणी ती चैत्रात यात्रेला जायची, आणि यात्रेइतकंच तिला तिथलं लामतुऱ्यांचं वस्तुसंग्रहालय आवडायचं. गावच्या शेतात आणि पांढरीच्या टेकाडांत सापडलेले मणी, मातीची खेळणी, रोमन नाणी असं सगळं तिथे जमवून ठेवलंय. त्यात एक हस्तिदंती बाई आहे. भरपूर दागिने ल्यालेली, जेमतेम तळहातावर मावेल एवढी. तिची मोठी बहीण शोभेल अशी दुसरी हस्तिदंती बाई 1938 मध्ये इटलीत, याच व्हेसुव्हियसने इसवी सन 79 मध्ये गाडलेल्या पॉम्पेई या रोमन गावाच्या राखेखाली सापडली. ही गोष्ट आईला मी कधीतरी सांगितली होती. मी विसरून गेले, ती विसरली नाही. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन ठरत होतं तेव्हा म्हणाली, "ऑपरेशन मग करू. आधी ती बाई दाखव."

मंगळवारी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय बंद असतं. म्हणून बाई गुरुवारी, आणि त्याआधी तिचं गाव, असा बेत ठरला.

सोमवार

सर्कुमवेसुव्हियाना नावाची लोकल सोरेंतोकडे जाते. तिनेच पॉम्पेई गाठायचं. स्टेशनाचं नाव 'पॉम्पेई स्काव्ही'. स्काव्ही म्हणजे उत्खनन. गाडी जुनी, खचाखच भरलेली, पण पाऊण तासात पोचवते.

आम्ही गेलो तेव्हा तिकीट 18 युरो होतं. त्यावर नाव छापलेलं असतं आणि दारात पासपोर्ट पाहतात. दिवसाला 20 हजारांवर माणसं आत सोडत नाहीत, हा 2024 च्या नोव्हेंबरपासूनचा नियम. ऐकायला कडक वाटतो, पण जुन्या पॉम्पेईची वस्ती 11-12 हजारांची असावी असा अंदाज आहे. म्हणजे मेलेल्या गावात एका दिवसात जिवंतपणीच्या दीडपटीहून जास्त लोक फिरू शकतात.

आम्ही सामूहिक सहल घेतली होती : पंचवीस माणसं, प्रत्येकाच्या कानात यंत्र, पुढे लाल छत्री उंच धरलेला गाइड. मरीना दरवाजाचा चढ चढतानाच आईची आणि छत्रीची ताटातूट झाली. कानात गाइडचा आवाज येतोय, माणूस कुठे दिसत नाही. "आकाशवाणीच की," आई म्हणाली.

दोन तासांत त्याने आम्हाला पळवलं. बॅसिलिका म्हणजे कचेरी, फोरम म्हणजे गावचा चौक, स्नानगृह, वेश्यागृह, बेकरी, 'कुत्र्यापासून सावध' असं लिहिलेली उंबऱ्यातली मोझेक. सगळ्यात लांब रांग अर्थातच वेश्यागृहापाशी. दगडी पलंग आणि दारांवरची चित्रं बघायला अर्धा तास उभं राहायचं आणि आत दोन मिनिटांत बाहेर. आई गेली नाही. समोरच्या ओट्यावर बसून तिने रस्ता बघून घेतला आणि मला विचारलं, "रस्त्याच्या मधोमध हे एवढाले धोंडे कशाला टाकलेत?" गाइडला विचारावं लागलं. पावसाचं, कारंज्यांतून ओसंडणारं, घराघरांतून सोडलेलं पाणी सगळं रस्त्यावरूनच वाहायचं. पाय न भिजवता पलीकडे जाता यावं म्हणून हे धोंडे. त्यांच्या मधल्या फटींतून गाड्यांची चाकं जायची आणि तिथे दगडात बोटभर खोल चाकोऱ्या पडल्यात. आपल्याकडे 'चाकोरी' हा शब्द आता फक्त 'चाकोरीबाहेरचं' म्हणायला उरलाय. इथे तिच्यात पाऊल ठेवता येतं.

फोरमच्या कडेला सगळा गट ज्युपिटर देवाच्या देवळाचे फोटो काढत असताना आईला एक दगडी मेज सापडलं. त्यात लहानमोठे गोल खळगे, प्रत्येकाच्या तळाला भोक. तिने क्षणभर पाहिलं आणि सांगून टाकलं, "मापं आहेत ही. चिपटं, मापटं, अधोली, पायली." अगदी बरोबर. बाजारातली ही सरकारी मापं. धान्य खळग्यात ओतायचं, काठोकाठ भरलं की खालचं भोक उघडून आपल्या पिशवीत सोडायचं. रोमनांच्या आधी इथे ऑस्कन भाषा बोलणारे लोक होते, त्यांची मापं वेगळी होती. रोमन अंमल आल्यावर तेच खळगे नव्या मापाप्रमाणे मोठे करून घेतले. (तिथे आहे ती नक्कल, मूळ दगड संग्रहालयात.) गाइडने हे मेज दाखवलंच नव्हतं. त्याच्या दोन तासांत मापं बसत नसावीत.

एक मात्र कबूल करते, तो बोलायचा झकास. इसवी सन 79, 24 ऑगस्ट, दुपारची वेळ, डोंगरातून उठलेला ढग. टॅबवर सोन्याचं कडं घातलेल्या एका आईच्या मांडीवरच्या पोराचा प्लास्टरचा ठसाही त्याने दाखवला. गटातल्या दोघीतिघींचे डोळे भरून आले. माझेही.

मंगळवार

आदल्या दिवसाच्या पळापळीने आईचे पाय सुजले होते. म्हणून आज फक्त आम्हा तिघांसाठी, म्हणजे आई, नवरा आणि मी, वेगळी गाइड घेतली. महाग पडली, पण सबंध सहलीत सर्वांत चांगले गेलेले पैसे हेच. पुरातत्त्वाची पदवी घेतलेली, चाळिशीची बाई. तिने पहिलंच काम केलं ते आईचे बूट पाहण्याचं, आणि मग आम्हाला अँफिथिएटरच्या बाजूच्या दाराने आत नेलं. इकडून चढ नाही आणि अवघड चालणाऱ्यांसाठी सपाट केलेला मार्ग थेट फोरमपर्यंत जातो. हे काल कुणी सांगितलं असतं तर!

अँफिथिएटर इसवी सनापूर्वी 70 च्या सुमाराचं, वीसेक हजार माणसं बसतील एवढं. इथे सन 59 मध्ये पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुकेरियाचे लोक यांच्यात खेळ बघताबघता दंगल झाली. आधी शिव्या, मग दगड, मग तलवारी. रोमच्या सिनेटने दहा वर्षं खेळ बंद ठेवायची शिक्षा दिली. नवऱ्याला हे फार आवडलं. तो क्रिकेटवाला आहे.

पुढे फरारींची बाग. द्राक्षमळ्याच्या भिंतीलगत काचेआड तेरा ठसे : मोठी माणसं, पोरं. राखेत गाडलेली शरीरं कुजून गेली, पण घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. 1863 मध्ये फिओरेल्ली या उत्खनन प्रमुखाने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायची युक्ती काढली. म्हणजे आपण बघतो ते माणूस नव्हे, माणूस नसल्याची जागा. मी कालच्या सोन्याच्या कड्याच्या आईचं बोलले. गाइडबाई थांबली. म्हणाली, 2024 मध्ये त्या ठशांतल्या हाडांच्या डीएनएचे निष्कर्ष आले. ती आई नव्हती, पुरुष होता, आणि त्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं.

"मग पोर मांडीवर कसं काय घेतलं त्याने?" आईने विचारलं. मी भाषांतर केलं. गाइडबाई म्हणाली, हे डीएनए सांगत नाही.

तारखेचंही तसंच. 24 ऑगस्ट ही तारीख, उद्रेक डोळ्यांनी पाहिलेल्या धाकट्या प्लिनीच्या पत्राच्या हस्तलिखितांतून आलेली. पण घरांत शेगड्या सापडल्या, डाळिंबासारखी शरदातली फळं सापडली, आणि 2018 मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने खरडलेली तारीख मिळाली, जी आपल्या हिशेबाने 17 ऑक्टोबर येते. कोळशाचं अक्षर महिनोन्‌महिने टिकत नाही. म्हणून उद्रेक ऑक्टोबरातला असावा, असं आता बरेच अभ्यासक मानतात. आम्हीही ऑक्टोबरातच आलो होतो. ऊन कोवळं, आणि बागेतल्या डाळिंबाच्या झाडाला फळं.

मग व्हिया देल्ल'आबोंदान्झा, गावचा मुख्य बाजाररस्ता. इथे आमचे दोन-अडीच तास गेले आणि तरी पुरले नाहीत. भिंतीवर निवडणुकीचे रंगवलेले मजकूर दिसतात : अमक्याला निवडून द्या, तमक्या धंदेवाल्यांची विनंती. धोबी, फळवाले, बेकरीवाले, सगळ्यांचे पाठिंबे. वातिया नावाच्या उमेदवाराला तर 'सगळे झोपाळू' आणि 'रात्री उशिरापर्यंत पिणारे' यांनी पाठिंबा दिल्याचे मजकूर सापडलेत. तो विरोधकांचा चावटपणा की त्याच्याच मित्रांचा, यावर अजून चर्चा चालते. आपल्याकडच्या गल्लीतल्या फलकांवरचे 'शुभेच्छुक' आठवून मी एकटीच हसत राहिले.

स्तेफानसचं धोबीघर पाहिलं. कपडे तुडवायचे हौद, आणि मळ काढायला मूत. ते साठवायला भांडी ठेवलेली असत. व्हेस्पेशियन बादशहाने या मुताच्या धंद्यावरही कर बसवला होता. आईला याचं नवल वाटलं नाही. गोमूत्राने घर शिंपडणाऱ्या पिढीची ती.

बेकरीत मात्र ती रमली. जाती माणसाएवढी उंच, ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची, कमरेत आवळलेली. खाली सुळका, वर त्यावर उपडा-उताणा बसणारा पाळू. गाढव किंवा गुलाम जोडून गरागरा फिरवायचे. आईने दगडाला हात लावला नाही (लावू नका अशी पाटी होती), पण जवळ वाकून पृष्ठभाग पाहिला. "टाकी लावायची झाली होती," ती म्हणाली. म्हणजे दगड गुळगुळीत झाला होता, टाकीने खडबडीत करून घ्यायला हवा होता. गाइडबाईला हे समजावताना माझी इंग्रजी संपली. शेवटी आईने हातवारे करून दाखवलं. तिला लगेच कळलं आणि तिने ते वहीत टिपून घेतलं.

या रस्त्यावरच वेतुतियस प्लाकिडसची खाणावळ आहे. दुकानाच्या तोंडाशी कट्टा, त्यात रांजणं पुरलेली, मागे भिंतीवर देवघर रंगवलेलं. एका रांजणात जवळपास तीन किलो नाणी सापडली. पळताना मालकाने गल्ला तिथे टाकला असावा.

फिओरेल्लीनेच गावाला आकडे दिले : भाग, ठोकळा, दार. ही खाणावळ म्हणजे भाग 1, ठोकळा 8, दार 8. मी फोनमध्ये लिहून आणलेला पत्ता काढला. भाग 1, ठोकळा 8, दार 5. 'भारतीय मूर्तीचं घर'. तीनच दारं पलीकडे! गाइडबाई म्हणाली, इतक्या वर्षांत हे घर दाखवा म्हणणारे तुम्ही मोजकेच.

दार जाळीने बंद होतं. जाळीतून आत दिसलं ते एक मध्यम घर. अंगण, पलीकडे खांबांची ओळ, थोडं गवत. बाहेर फलक नाही, रांग नाही. अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात ही मूर्ती इथे सापडली. घराचा मालक कोण होता, त्याला ती कुठून मिळाली, त्याने ती कौतुकाने मांडली होती की विकायला आणली होती, काहीच सांगता येत नाही. आईने जाळीला धरून बराच वेळ आत पाहिलं. "घर बरं मिळालं होतं तिला," एवढंच बोलली.

तिथेच पायरीवर बसून गाइडबाईने थोरल्या प्लिनीचा, म्हणजे धाकट्याच्या मामाचा किस्सा सांगितला, आणि तो मला आधी ठाऊक असूनही त्या जागी नव्याने लागला. हिंदुस्थानच्या मालापायी रोमचे वर्षाला पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) बाहेर जातात, आणि तो माल आमच्याकडे मूळ किमतीच्या शंभरपटीने विकतात, अशी तक्रार ज्याने लिहून ठेवली, तोच हा प्लिनी. पुढे तो खाडीपलीकडे मिसेनमला आरमाराचा प्रमुख होता. डोंगरातून ढग उठलेला पाहून तो गलबतं घेऊन लोकांना सोडवायला निघाला आणि स्ताबियाच्या किनाऱ्यावर त्याच उद्रेकात मेला. ज्या मालाच्या नावाने त्याने बोटं मोडली, त्यातला एक नग इथे, या दारामागे, त्याच राखेत गेला.

बुधवार

हर्क्युलेनियमला, म्हणजे त्याच उद्रेकात गाडलेल्या दुसऱ्या गावाला, त्याच लोकलने, एर्कोलानो स्टेशनावर उतरून. स्टेशनापासून सरळ उतार. आईसाठी जाताना सोपं, येताना टॅक्सी.

हे गाव विहिरीतून सापडलं. 1709 मध्ये विहीर खणताना जुन्या नाट्यगृहाचा संगमरवर लागला, आणि 1738 पासून बूर्बों घराण्यातल्या राजाच्या माणसांनी बोगदे खणून पुतळे उपसले. पॉम्पेईवर आधी दगडी लाह्यांसारख्या खड्यांचा पाऊस पडला, छपरं कोसळली. इथे मात्र तप्त राख आणि वायूचे लोट लागोपाठ येऊन सुमारे 20 मीटर थर बसला. त्या धगीने लाकडाचा कोळसा झाला, पण आकार शाबूत राहिला. म्हणून इथे तुळया दिसतात, दाराच्या फळ्या दिसतात, एका घरात दिवाणखाना अडवणारी सरकती लाकडी भिंत जागच्या जागी उभी आहे. पॉम्पेईत घराचा सांगाडा कळतो, इथे घरातलं सामान. वरच्या काठावर आजच्या एर्कोलानोच्या इमारती आणि वाळत घातलेले कपडे. खाली बघितलं की खोल विहिरीत गाव ठेवल्यासारखं वाटतं.

गाव लहान, उत्खनन त्याहून लहान. तीन तासांत आटोपतं. नेपच्यूनच्या निळ्या मोझेकबद्दल मी लिहीत नाही, फोटोत ती जास्त चांगली दिसते.

शेवटी जुना किनारा. गलबतं ओढून ठेवायच्या कमानी आणि त्यांत सांगाडे. गावातले लोक वेळीच निसटले असं बरीच वर्षं समजत होते. 1980 च्या पुढे या कमानी उकरल्या तेव्हा सुमारे 300 माणसं सापडली. समुद्राकडून कुणी येईल म्हणून थांबलेली. प्लिनीची गलबतं मात्र इकडे पोचू शकली नाहीत, वारा आणि पडत्या दगडांनी ती दुसरीकडे वळली. आजच्या गाइडने फोनवर एक लाकडी पाळणा दाखवला, या गावातल्या घरात सापडलेला, आतल्या बाळासकट. आईने फोन हातात न घेता मान दुसरीकडे वळवली. त्यानंतर ती परतीच्या गाडीपर्यंत बोलली नाही. रात्री जेवणही नको म्हणाली.

गुरुवार

संग्रहालयात शिरल्यावर आईला मी मोझेकांकडे नेलं. अलेक्झांडर आणि दारियसच्या लढाईची ती प्रसिद्ध मोझेक 1831 मध्ये पॉम्पेईतच सापडली. पण तिला ना अलेक्झांडरशी देणंघेणं ना दारियसशी. तिने पाहिले ते कोळसा झालेले पाव. वाटोळे, वर आठ खाचा पाडलेले. हर्क्युलेनियमच्या एका पावावर शिक्का आहे : 'केलर, क्विंटस ग्रानियस वेरसचा गुलाम'. भट्टी समाईक असेल, आपला पाव ओळखू यावा म्हणून शिक्का मारला असेल. "आपणही पापडाच्या डब्यावर नाव घालतोच की," आई म्हणाली.

आता खरी अडचण. ती हस्तिदंती बाई ठेवलीय 'गाबिनेत्तो सेग्रेतो'मध्ये, म्हणजे गुप्त दालनात. पॉम्पेई-हर्क्युलेनियममधल्या चावट चित्रांचा आणि वस्तूंचा हा संग्रह. 1819 मध्ये तिथल्या युवराजाने तो कुलपात घातला, मग पुढे कितीतरी वर्षं फक्त 'परिपक्व वयाच्या आणि चोख वर्तनाच्या' लोकांना दार उघडायचे. सर्वांसाठी ते कायमचं खुलं झालं 2000 मध्ये. आमची बाई उघडी आहे, दागिन्यांखेरीज अंगावर फारसं काही नाही, म्हणून 1938 नंतर तिची रवानगीही इकडेच.

आता सासू आणि जावई यांनी मिळून हे दालन कसं पाहायचं, याचं उत्तर आमच्या संस्कृतीत नाही. दारातच नवऱ्याला एकाएकी नाण्यांच्या दालनाची फार ओढ लागली. "तुम्ही जा, अहो, आम्ही आलोच," आई गंभीरपणे म्हणाली. आत गेल्यावर मात्र तिने शेळीबरोबरच्या पॅन देवाच्या संगमरवरी पराक्रमाकडे एक नजर टाकली, "चावटपणा सगळा," असं पुटपुटली आणि पुढे चालू लागली.

आणि ती दिसली. काचेत, सुमारे 25 सेंटीमीटर उंच. एक पाय दुसऱ्यापुढे तिढा घातलेला, एक हात मागे, दुसरा मानेजवळ. हातभर बांगड्या, घोट्यापासून वर चढलेले तोडे, गळ्यात माळा. दोन्ही बाजूंना चिमुकल्या दासी, हातात सौंदर्यप्रसाधनांच्या डब्या. डोक्यापासून खाली भोक पाडलेलं. कदाचित आरशाची मूठ असेल, कदाचित मेजाचा पाय. आधी तिला लक्ष्मी म्हणाले, आता बरेच जण यक्षी म्हणतात. तळाशी एक खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. म्हणून ती तिकडची, असं काहींचं मत. उलट तेर आणि भोकरदनला सापडलेल्या हस्तिदंती बाया तिच्या इतक्या जवळच्या, की तिचं माहेर दख्खनच, असं दुसऱ्यांचं म्हणणं. ग्रीक खलाशांच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या प्रवासपुस्तिकेत पैठण आणि तगर या दोन्ही पेठांची नावं आहेत. तगर म्हणजे आपलं तेर. तिथून गाड्यांनी माल भडोचच्या बंदरावर जायचा, त्यात तगरचं कापड भरपूर. हे सगळं मी आईला सांगत होते. खरोष्ठीपाशी तिने मला थांबवलं.

"अक्षर कुणीबी कोरतं. तोडे बघ की. आमच्या आजीचे अस्सेच होते."

मग ती काचेच्या बाजूने सरकत मागे गेली. पाठीवर लांब वेणी उतरलेली दिसते. आईने ती नीट बघितली, पदराने काचेवरचा आपल्या श्वासाचा धूर पुसला, आणि कोपऱ्यातला रखवालदार उठून यायच्या आत हात मागे घेतला. तरी तो आलाच. आईने त्याला मराठीत सांगितलं, "आमच्या गावची आहे." तो म्हणाला, "सी, सी, इंडिया," आणि फोटो काढायचा का, असं खुणेने विचारलं.

तो फोटो मी तिथूनच ढोकीच्या मामाला पाठवला. मामा शेतकरी. खाली प्लिनीची तक्रारही लिहिली, शंभरपटीची. नाण्यांचं दालन संपवून नवरा परत आला, आम्ही खाली येऊन कॉफी घेतली, तेव्हा मामाचं उत्तर आलं होतं :

"बाई झकास. पण शंभरपट भाव म्हणतीस, तर तेरच्या माणसाला त्यातलं काय मिळालं? मधल्यांनीच खाल्लं असंल."

आईने ते वाचलं आणि फोन परत माझ्याकडे दिला. "विचारायला पाहिजे होतं त्या मंगळवारच्या बाईला," ती म्हणाली.